पारूअक्कानं बदक धुतलं त्याची गोष्ट

पारूअक्काच्या आणि आमच्या घराची भिंत एकच आहे, आणि तीही बांधणाऱ्यानं सिमेंट जपून वापरलेली. त्यामुळं तिच्याकडं कुकरची शिट्टी झाली की मी आमचा गॅस बंद करते, इतका आमचा घरोबा. तिच्याबद्दल लिहायचा पहिला मान म्हणून माझाच. आणि मी लिहिलं नाही तरी गल्लीत सांगणारच आहे. निदान लिहिताना मधे कुणी तोंड घालत नाही.

पारूबाई मूळची जळकोटकडची. लग्न होऊन नांदेडला आली तेव्हा अंगानं काडी होती म्हणे. आता काडी नाही, पण ताठपणा तोच. सगळी उमर तिनं मुलींच्या वसतिगृहात भाकऱ्या थापल्या. नवरा लिंबाजी, म्हणजे आमचे दाजी, एसटीच्या वर्कशॉपात गाड्यांच्या खाली झोपून नोकरी करायचे. एकुलती पोरगी लुंबिनी, ती नर्स होऊन जर्मनीला गेली. तिकडं तिला म्हातारे जर्मन लोक लई जीव लावतात असं पारूअक्का सांगते. न लावून सांगतात कुणाला? आईचंच रक्त आहे, बिनआंघोळीचा माणूस तिला बघवणार नाही.

कारण पारूअक्काचा एकच रोग: स्वच्छता. गॅसवाला सिलेंडर घेऊन आला की तो उंबऱ्याबाहेर उभा. आधी सिलेंडरला आंघोळ, मग प्रवेश. एकदा माझे रेवणसिद्ध, म्हणजे आमचे हे, तिच्या ओट्यावर टोपी विसरले. संध्याकाळी टोपी धुऊन, नीळ घालून, इस्त्री करून परत आली. फक्त ती आता आमच्या नातवाला बसते.

तर आमच्याकडं दसरा साजरा करायच्या आधी तो काढावा लागतो. दसरा काढणे म्हणजे घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण, गोधड्या, पडदे, अगदी गाठोड्याचं फडकंसुद्धा बाहेर काढायचं, नदीवर न्यायचं आणि धुवायचं. धुतल्याशिवाय एक चिंधी घरात राहिली तर बाईच्या नावाला बट्टा. पारूअक्काच्या घरी घट बसत नाहीत. पण विजयादशमीला, धम्मचक्राच्या दिवशी, पांढरी साडी नेसून ती वंदनेला बसते, आणि त्या दिवशी घरात मळका धागा दिसला तर तिला वंदना चढत नाही. पलीकडची सुलतानबी, जिचा पोरगा जिलानी गादी कारखाना चालवतो, तीही आमच्याबरोबर दसरा काढते. “दसरा तुमचा, पर मैल तो मेरे घर में भी हाय ना,” म्हणते.

मागच्या दसऱ्याला सगळं ठरल्याप्रमाणं झालं असतं. पण लिंबाजीदाजींची दुलई आडवी आली.

ही दुलई जर्मनीची. लुंबिनीनं आणलेली. आत कापूस नाही, बदकाची पिसं. तीही मोठी पिसं नव्हेत. बदकाच्या पोटाशी जो मऊ मऊ लवेसारखा भाग असतो, तो. दिसायला हातभर फुगलेली, आणि उचलायला गेलं तर हातात काही आलंच नाही असं वाटावं. कापडाचे चौकोन चौकोन पाडलेले, आणि आतून भिंती शिवून प्रत्येक चौकोनात पिसं कोंडलेली. गल्लीनं तिचं नाव ठेवलं ‘बदक’. नाव कुणी ठेवलं ते विचारू नका.

नांदेडला पिसांची दुलई म्हणजे तुम्ही हसाल. मीही हसले होते. पण दाजींची छाती उघडून हैदराबादला ऑपरेशन झालं, त्यानंतर त्यांना छातीवर वजन सहन होईना. एक चादर घेतली तर थंडी, वर गोधडी टाकली की दचकून उठायचे. “पारू, गाडी अंगावर आल्यावानी होतंय गं.” जन्मभर गाडीच्या खाली झोपलेला माणूस, त्यांना ते कसं वाटत असेल ते त्यांनाच माहीत. एक पुरा हिवाळा त्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून काढला, दोन कानटोप्या घालून. भिंतीपलीकडून मला त्या खुर्चीची करकर ऐकू यायची. पुढच्या हिवाळ्यात बदक आलं, आणि खुर्ची माळ्यावर गेली.

दुलई देताना लुंबिनीनं आईला बजावलं होतं, “आई, हिला धुऊ नको. रोज खिडकीत टाक, वारं दे. बास.” दुलईला धुण्याच्या खुणांची चिठ्ठी शिवलेली होती म्हणे, पण ती दाजींच्या मानेला टोचते म्हणून पारूअक्कानं पहिल्याच आठवड्यात कात्रीनं उडवली होती.

दसरा काढायच्या सकाळी जिलानीचा टेम्पो गल्लीत लागला. सगळ्यांची गाठोडी चढली. पारूअक्का दुलईला हात घालते तर दुसरं टोक दाजींच्या हातात.

“पारू, ही नको. पोरगी काय म्हणली? वारं दे म्हणली.”

“वारं बसस्टँडवर पन हाय. मंग बसस्टँड सोच्छ झालं का?”

“अगं पन...”

“सोडा. घामाचा वास येऊन राहिला तिला. सगळ्या गल्लीचा दसरा निघणार आन माझ्या घरात एक बदक बिनआंघोळीचं बसणार? लोक काय म्हणतील?”

लोक म्हणजे मी. तिनं माझ्याकडं बघूनच म्हटलं.

विष्णुपुरीच्या अलीकडं नदीला उतार आहे, तिथं आम्ही बसलो. आधी गोधड्या झाल्या, पडदे झाले. मग पारूअक्कानं सोडा-साबण चोळून दुलई पाण्यात सोडली. दुलई बुडेचना! पोटात सगळी हवा. टम्म फुगून ती पाण्यावर तरंगायला लागली, पुरी तळल्यासारखी, आणि बघता बघता निघाली की प्रवाहाला. पारूअक्का गुडघाभर पाण्यात तिच्या मागं. “अगं धरा! धरा तिला! चालली नं ती!” सुलतानबीनं काठावरून आवाज दिला, “जाने दे पारू, घरकू जारी वो, जर्मनीकू!”

धरून आणली. मग तिच्या पोटातली हवा काढायला मला वर बसवलं. माझं वजन गल्लीला तोंडपाठ आहे. तरीही ती माझ्या चारी बाजूंनी फुगून वर आली, आणि मी मधोमध, भाताच्या खड्ड्यात तूप बसावं तशी. शेजारच्या वस्तीतल्या अनोळखी बायका धुणं टाकून हसायला आल्या.

हळूहळू तिनं पाणी पिलं. मग मात्र जी बसली ती बसलीच. हातभर जाडीचं सगळं गेलं, उरलं ओलं फडकं आणि ओल्या कोंबडीचा वास. पारूअक्कानं दांड्यानं बडवलं. आणि बडवून झाल्यावर तिनं आणि सुलतानबीनं, आपण गोधडीला देतो तसा, दोन टोकं धरून पीळ दिला.

आतून टर्रर्र झालं.

वरचं कापड शाबूत. पण आतल्या भिंती फाटल्या होत्या. उचलून धरली तर सगळी पिसं एका कोपऱ्यात येऊन पडली, चिखलाच्या गोळ्यासारखी, आणि बाकीचं कापड रिकाम्या पोत्यासारखं लोंबलं. सुलतानबीनं टोक सोडून तोंडावर हात घेतला. मी काहीतरी गमतीचं बोलणार होते. पारूअक्काचं तोंड पाहिलं आणि गिळलं. येताना टेम्पोत ती तो ओला गोळा मांडीवर धरून बसली.

घरी दाजींनी तो गोळा हातानं चाचपला. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “असू दे पारू. सोच्छ तर झाली.”

आणि मग ते माळ्याखाली गेले, काठीनं ती प्लास्टिकची खुर्ची खाली ओढली, फडक्यानं पुसली आणि बिछान्याशेजारी आणून ठेवली. थंडी अजून दूर होती. आताशी दसरा यायचा होता. पण खुर्ची ठेवली.

पारूअक्का त्या खुर्चीकडं बघत राहिली. मग पदर खोचून म्हणाली, “महानंदे, पोरीला फोन लाव. माझ्या बोटाला साबण हाय.”

साबण नव्हता. हात तिनं केव्हाच धुतले होते.

मी व्हिडिओ लावला. लुंबिनी दिसताच पारूअक्का म्हणाली, “काय गं, जेवलीस का? हिकडं सगळं ठीक हाय.” मागून दाजी म्हणाले, “आईनं बदक धुतलं.”

पोरगी असली हसली की फोन हातातून पडला, आम्हाला तिकडचं छत दिसायला लागलं. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाली, “आई, पिळलंस का?”

“थोडं.”

“थोडं न्हाई, आक्खं,” मी सांगितलं. एवढा तरी माझा हक्क.

“मावशी, तिला नीट ऐकवा,” लुंबिनी म्हणाली. “सोडा आत राहिला असंल तर पिसं कडक होतात. साध्या पाण्यात परत परत खळबळायचं, फेस जाईस्तोवर. पिळायचं न्हाई, नुसतं दाबायचं. ओली असताना एका टोकानं उचलायची न्हाई, खालून आधार द्यायचा. आन वाळवताना गुठळ्या फोडत राहायच्या. वरून कोरडी लागंल, पन आत ओल राहिली तर कुजती. हाताला गार लागलं की समजायचं, ओली हाय. न्हाई जमलं तर राहू दे आई. मे महिन्यात मी येते, तवा नवी आणते.”

“थंडी मे महिन्यात पडती का गं?” पारूअक्का म्हणाली, आणि फोन माझ्या हातात देऊन अंगणात गेली.

अंगणात त्यांचा सिमेंटचा हौद आहे. दुसऱ्या दिवशी त्यात पाणी भरून, पाय घासून-घासून धुऊन ती स्वतःच आत उतरली आणि द्राक्षं तुडवावीत तशी दुलई तुडवत राहिली. पाणी पांढरं यायचं, सोडायची, परत भरायची. आमच्या बोअरला ऐन पावसाळ्यात घरघर लागली. मी भिंतीवरून विचारलं, “आक्का, आता तरी बदक पोहायला शिकलं का?” तिनं वर न बघता ओंजळभर पाणी माझ्या तोंडावर मारलं. म्हणजे बाई सावरली होती.

उचलायची वेळ आली तेव्हा दाजी पुढं झाले. गाडीखालून इंजिन काढायचा अनुभव. बाज आणली, तिरपी करून हौदात सरकवली, दुलई तिच्यावर ओढून घेतली, आणि आम्ही चौघांनी बाज उचलली. सुलतानबी म्हणाली, “या अल्ला, दुल्हन की डोली उठाई के कोंबडी की?”

नेमकं त्याच दिवशी आभाळ आलं. परतीचा पाऊस बसला. उन्हाचा पत्ता नाही, दुलईचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत. दूधवाला नाक धरून विचारायचा, “कुणी कोंबड्या पाळून राहिलं का?” पारूअक्कानं उदबत्त्या लावल्या, तर ओल्या कोंबडीला मोगऱ्याचा वास यायला लागला. ते जास्त वाईट.

तोडगा दाजींनी काढला. उन्हाळ्यातला त्यांचा पत्र्याचा कूलर जिन्याखाली झाकून ठेवलेला होता. त्यांनी त्याच्या गवताच्या जाळ्या काढल्या, टाकी कोरडीठाक पुसली, पंख्याला तेल दिलं आणि बाजेसमोर लावला. बिनपाण्याचा कूलर. विमान उतरल्यासारखा आवाज. आणि त्या वाऱ्यापुढं पारूअक्का दुलई उलटत बसली. एक बाजू झाली की दुसरी. दोन्ही तळव्यांमध्ये गुठळी धरून चोळायची, शेतात ढेकूळ फोडावं तसं.

सुलतानबी पिंजाऱ्याच्या घरची, तिच्या हातांना छडीची सवय. ती छडी घेऊन बसली आणि पारूअक्कानं तिचा हात धरला.

“आता मारायचं न्हाई बाई. एकदा मारून बगितलं.”

“मारती कहाँ मैं? थपकारी. बच्चे को सुलाते वैसा.”

“तुला म्हायती हाय का पिसाचं?”

“कपास का पूछ. परिंदे का मेरेकू क्या मालूम? पर तू अकेली कब तक बैठेगी?”

मग दोघी थोपटत बसल्या. एकमेकींचे दोष काढत. “अगे हळू.” “हळूच तर हाय.” “ये कोपरा देख, गीला.” “तुझा हातच गार हाय म्हातारे.” गल्लीतली येणारी-जाणारी बाई दोन घटका टेकायची, चार गुठळ्या फोडायची आणि दोन बातम्या देऊन जायची. त्या दिवसांत मला घरोघर फिरावं लागलं नाही, सगळी खबर बाजेवर चालत आली. आणि हळूहळू, काय सांगू, ते फडकं वर यायला लागलं. आधी बोटभर, मग वीतभर. वास गेला. एक दिवस पारूअक्कानं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तळवा फिरवला, डोळे मिटून, आणि म्हणाली, “कुठंच गार न्हाई.”

पण भिंती फाटलेल्याच होत्या. पिसं सुकली, फुगली, आणि एकाच कोपऱ्यात डोंगर करून बसली. अशी दुलई अंगावर घेतली तर पाय आफ्रिकेत आणि छाती काश्मिरात. शिवायचं तर एक बाजू उसवून आत हात घालावा लागणार, आणि उसवलं की पिसं उडणार. नुसतं शिंकलं तरी निम्मं बदक आकाशात.

तेव्हा पारूअक्कानं जे केलं ते नांदेडात कुणी केलं नसेल. तिनं बाजेला मच्छरदाणी बांधली, कडा गादीखाली खोचल्या, आणि दुलई, सुई, दोरा, चष्मा घेऊन स्वतः आत जाऊन बसली. सुई बारीक, कारण जाड सुईच्या भोकातून पिसं डोकावतात. दोऱ्याला मेण, वंदनेच्या मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे घासून. आतली भिंत जुळवायची, मुठीनं पिसं मोजून पलीकडं सारायची, चौकोन बंद करायचा, मग पुढचा. पंखा बंद. घाम निथळतोय. केसांवर, भुवयांवर, चष्म्यावर पांढरी पिसं. बाहेरून दिसायला एक भलीमोठी कोंबडी चष्मा लावून बसलीय.

मी दारातून म्हटलं, “आक्का, अंडी किती झाली?”

“तू आत ये, तुलाच उबवते.”

दाजी मच्छरदाणीबाहेर बसून दोरा ओवून जाळीच्या फटीतून आत द्यायचे. एकदा फक्त म्हणाले, “पारू, डोळे दुखतील. पुरे कर. खुर्ची हाय की.”

“खुर्चीचं नाव काढू नका,” ती आतून म्हणाली. आवाज असा होता की मी घरी निघून आले. मी आपणहून निघून येते असं सहसा होत नाही.

विजयादशमी त्या मच्छरदाणीतच आली. पांढरी साडी नेसून वंदना करून ती परत आत जाऊन बसली. कपडे बदलायची गरजच नव्हती, पिसं कुठं दिसणार पांढऱ्यावर? दिवाळीच्या आधी शेवटचा टाका पडला. मूळच्या जर्मन चौकोनांत आता मधेमधे तिच्या हाताची गोधडीची धावदोऱ्याची शिवण होती. थोडी वाकडी, पण घट्ट. काही पिसं बडवण्यात मेली होती, काही उसवताना उडाली. दुलई पहिल्याइतकी फुगत नव्हती हे खरंच सांगायला पाहिजे. पुरेल का, हे थंडीच सांगणार होती.

आणि खुर्ची बिछान्याशेजारी तशीच होती. दाजींनी ती हलवली नाही; पारूअक्कानंही नाही.

दिवाळी झाली, आणि एका सकाळी गारठा उतरला. तोंडातून वाफ निघेल असा. आमच्या दाजींची सवय अशी की उजाडायच्या आधी ते ओट्यावर येऊन खोकतात. गल्लीचा गजर तोच. त्या सकाळी खोकला नाही. दूध आलं, पाणी आलं, शाळेची रिक्षा गेली. ओटा रिकामा. भिंतीला कान लावला तर पलीकडं खुर्चीची करकरही नाही. सुलतानबीही दारात येऊन उभी, माझ्याकडं बघत. आम्ही दोघी एकदमच पारूअक्काच्या दाराशी गेलो.

दार पारूअक्कानंच उघडलं, तेही बोटभर. ओठावर बोट.

“ओरडू नका. निजलेत.”

आतून घोरणं ऐकू आलं. असलं घोरणं की बस घाट चढतेय. फटीतून दिसलं ते एवढंच: बिछान्यावर बदक ऐसपैस पसरलेलं, एका बाजूला दाजींची एकच कानटोपी, आणि शेजारच्या त्या खुर्चीत पारूअक्काची शाल. रात्रभर तीच त्या खुर्चीत बसली होती. ते दचकून उठतात का, हे बघत.

“एकदाबी उठले न्हाईत?” मी कुजबुजले.

“एकदाबी न्हाई.” तिचे डोळे लाल होते, पण मान काय ताठ! “आन वर हात फिरवून बगितला मी. कुठंच गार न्हाई.”

सुलतानबीनं पदर डोळ्याला लावला आणि लगेच, रडताना दिसू नये म्हणून, टोमणा मारला, “चल, अब अगले दसरे कू फिर नदी पे लेके जा इसकू.”

“न्हाई गं बाई.” पारूअक्का ओट्यावर आली, दार हळूच ओढून घेतलं. मग सूर्य कुठवर आला ते बघितलं, दाजी उठले की दुलई कुठल्या खिडकीत टाकायची ते मनाशी ठरवलं, आणि जन्मात पहिल्यांदा आपली चूक कबूल केल्यासारखं, पण अगदी बारीक आवाजात म्हणाली, “वारंच द्यायचं असतंय तिला. नुसतं वारं. पोरगी बरोबर बोलली.”

मी तोंड उघडलं.

“महानंदे,” ती म्हणाली, “हे गल्लीत सांगितलंस तर तुझी रजई धुईन.”

आत बस दुसरा घाट चढायला लागली होती. समोरून भंगारवाला भोंगा लावून येत होता. आम्ही तिघीही एकदम त्याच्या अंगावर धावून गेलो.